जुनी मोटरसायकल घेऊन परदेशातल्या क्लासिक रॅलीला: आरसी बुकापासून परतीच्या शिक्क्यापर्यंत

सातारा-सांगली भागातल्या जुन्या जावा, येझदी, बुलेट, राजदूत परदेशी रॅलीत उतरवायचा बेत फसतो, तेव्हा इंजिनाचा दोष क्वचितच असतो. कामं उलट्या क्रमाने झालेली असतात. क्रोम आधी चढतं, मग प्रवेश फी जाते, मग विमानाचं तिकीट निघतं आणि शेवटी कळतं की गाडी अजून चुलत्यांच्या नावावर आहे किंवा आरसी बुकातला इंजिन नंबर भलताच आहे. तोवर जहाज निघून गेलेलं असतं.

खालचा क्रम जूनच्या मध्यावर होणाऱ्या युरोपातल्या टूरिंग रॅलीसाठी, गाडी समुद्रमार्गे पाठवायची असं धरून लावला आहे. तारखा पुढेमागे होतील. क्रम मात्र बदलू नका: आरसी, प्रवेशिका, व्हिसा, कार्नेट (गाडीचा कस्टम्सचा पासपोर्ट), आणि सगळ्यात शेवटी गाडी भरायची लाकडी पेटी.

## टप्पा १: नियमपत्रिका वाचा, मग गाडी न्यायची का ते ठरवा (ऑक्टोबर)

प्रत्येक रॅलीची नियमपत्रिका असते. त्यात चार गोष्टी आधी शोधा.

१. गाडीच्या वयाची अट. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फीवा’ किमान ३० वर्षं वय, मूळ स्वरूपाला धरून राखलेली अवस्था आणि रोजच्या वापराबाहेरची गाडी असा निकष लावते. म्हणजे १९९६ ची येझदी २०२६ मध्ये वयाने बसते. काही रॅलींची मर्यादा यापेक्षा जुनी असते.

२. फीवाचं ओळखपत्र लागतं का. लागत असेल तर ते आत्ताच सुरू करा. गाडीची तपासणी आणि फोटो लागतात, आणि वेळ जातो. हे पत्र १० वर्षं किंवा मालक बदलेपर्यंत चालतं.

३. रोजचं अंतर आणि सरासरी वेग. जुन्या अडीचशे सीसीच्या गाडीला दिवसाला २०० किलोमीटर झेपतात. डोंगरातले ३०० रोज करायचे झाले, तर चौथ्या दिवशी गाडीआधी चालवणारा थकतो.

४. हेल्मेटचं मानक. युरोपात बहुतेक ठिकाणी ईसीई २२.०५ किंवा २२.०६ चा शिक्का मागतात. फक्त आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट तपासणीच्या टेबलावर अडकू शकतं.

आता स्पष्ट सांगायचं तर, पहिल्याच वर्षी स्वतःची गाडी नेणं बहुतेकांना परवडत नाही. जहाजाचं भाडं, दोन्ही टोकांचे हाताळणी खर्च आणि अडकून पडणारी अनामत पाहता तिथल्या क्लबकडून गाडी भाड्याने घेऊन एक रॅली करणं शहाणपणाचं आहे. आपलीच गाडी न्यायची असा हट्ट असेल, तर पुढे वाचा.

## टप्पा २: आरसी बुक सरळ करा (ऑक्टोबर-नोव्हेंबर)

सगळ्यात जास्त गाड्या इथे अडतात, म्हणून घाई न करता एकेक मुद्दा तपासा.

१. नाव. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर आधी स्वतःच्या नावावर करून घ्या. मालक हयात नसतील तर फॉर्म ३१, विक्री किंवा हस्तांतर असेल तर फॉर्म २९ आणि ३०. कार्नेट, विमा आणि कस्टम्सचे कागद एकाच नावाने असले की निम्मे प्रश्न सुटतात. मुखत्यारपत्रावर भागवता येतं, पण प्रत्येक टेबलावर ते नव्याने समजावून सांगावं लागतं.

२. ऑनलाइन नोंद. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर साताऱ्याला (एमएच ११), कऱ्हाडला (एमएच ५०) किंवा सांगलीला (एमएच १०), म्हणजे गाडी जिथली असेल तिथल्या कार्यालयात, बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. त्याशिवाय पुढचा एकही अर्ज हलत नाही.

३. पासिंग. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण ५-५ वर्षांसाठी होतं. ते रॅलीच्या तारखेपर्यंत नव्हे, गाडी घरी परत येईपर्यंत वैध असायला हवं. सप्टेंबरपर्यंतचा हिशोब धरा.

४. इंजिन आणि चेसिस नंबर. गाडीवरचे दोन्ही नंबर रॉकेलने पुसा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहा. या भागातल्या कितीतरी जावा-येझदींना कधीतरी दुसरं इंजिन बसलेलं आहे आणि आरसीत नोंद जुनीच आहे. इंजिन बदलाची नोंद आधी आरटीओत करून घ्या. ३ चा ८ किंवा १ चा ७ असा लिहिण्याचा घोळही दुरुस्त करून घ्या. परदेशी कस्टम्स अधिकारी ‘तेवढं चालतंय’ म्हणत नाही.

५. बोजा. ३५-४० वर्षांपूर्वी पतसंस्थेचं किंवा बँकेचं कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर तो बोजा आजही चढलेला असू शकतो. फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला देऊन तो उतरवा.

६. नंबर प्लेट. परदेशात रोमन अक्षरं आणि आंतरराष्ट्रीय अंकच चालतात. देवनागरी किंवा नक्षीदार प्लेट इथेही नियमात बसत नाही, तिथे तर गेटवरच अडवतात. मागच्या बाजूला भारताचं तीन अक्षरी चिन्ह, पांढऱ्या लंबवर्तुळात काळं, असं स्टिकर लावायचं.

पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. टूरिंग रॅलीआधी शेकडो किलोमीटरचा सराव लागतो. त्यामुळे नेहमीची नोंदणी चालू असेल, तर या कामासाठी तीच सोयीची.

इथे थांबून पाहा: आरसी, पासपोर्ट आणि लायसन्स या तिन्हीवरच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे का? नसेल तर पुढचा पैसा खर्च करू नका.

## टप्पा ३: गाडी लांब पल्ल्यासाठी तयार करा (नोव्हेंबर-जानेवारी)

कोल्हापूर-साताऱ्यात जुन्या गाड्यांचे हात असलेले मिस्त्री आहेत. त्यांना गाडी ‘चकाचक करून द्या’ असं न सांगता कामाची यादी द्या.

वीज. सहा व्होल्टच्या गाडीचा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. जर्मनी, फ्रान्स, इटलीसारख्या देशांत मोटरसायकलचा डिपर दिवसाही चालू ठेवावा लागतो. जुन्या जावाच्या डायनॅमोची ताकद ४५ वॉट. हेडलाइटचा बल्ब ३५ वॉट, मागचा दिवा ५ वॉट, म्हणजे ४० तिथेच गेले. उरलेल्या ५ वॉटमध्ये इग्निशन कॉइलचं भागत नाही. फरक बॅटरीतून जातो आणि दुपारनंतर गाडी मिसफायर करायला लागते. लोक कार्ब्युरेटर खोलतात, दोष बॅटरीत असतो. उपाय तीन: सहा व्होल्टचा एलईडी बल्ब (खरेदीआधी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह जुळतंय का पाहा), बारा व्होल्टचं रूपांतर (फीवाच्या वर्गवारीत आणि रॅलीच्या नियमात बसतं का ते विचारून), किंवा रोज रात्री चार्जर लावणं. तिसऱ्या उपायासाठी दोन गोल पिनांचा युरोपी अडॅप्टर लागतो.

हेडलाइटचा झोत. आपला डिपर डावीकडे झुकतो. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे तोच झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून झोत पाहा. डावीकडे वर चढणारा तुकडा काचेवर काळी चिकटपट्टी लावून झाका.

पेट्रोलची वाट. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. कॉकमधला बूच, जुना रबरी पाइप आणि फ्लोटच्या सुईचं टोक यांना ते खातं. इथेनॉल सोसणारा पाइप आणि नवा कॉक बसवा. टाकी आतून गंजलेली असेल, तर जहाजावरच्या दोन महिन्यांत तो गंज सुटून जेटमध्ये येणार हे धरून चाला. फिल्टर लावा आणि दोन जादा ठेवा.

ब्रेक. ड्रम खरवडून गोल करून घ्या आणि नवे शू ड्रमच्या मापाला घासून बसवा. केबलमध्ये तेल सोडा. नुसते नवे शू टाकले की पहिले काही शेकडो किलोमीटर अर्धाच भाग टेकतो, आणि ते किलोमीटर नेमके घाटातले असतात.

सायलेन्सर. ‘इंदोरी’ किंवा पोकळ नळकांडं काढून मूळ सायलेन्सर बसवा. आवाजाची तपासणी हे रॅलीबाहेर काढलं जाण्याचं सोपं कारण आहे. तिथल्या डोंगराळ भागातले पोलीसही याबाबत कडक असतात.

सुटे भाग. दोन सेट पॉइंट आणि कंडेन्सर, एक कॉइल, चार प्लग, क्लच-थ्रॉटल-ब्रेकच्या केबल, चेनचे दोन जोड, पुढची-मागची ट्यूब, बल्ब, हेडचं गॅस्केट, क्लच प्लेट, पिस्टन रिंगा. पॉइंटच्या गॅपसाठी फीलर गेज (बहुतेक जावा-येझदी-बुलेटला ०.४ मिमीच्या आसपास, आपल्या मॅन्युअलप्रमाणे नक्की करा). जुन्या बुलेटवाल्यांनी ब्रिटिश मापाचे पाने सोबत न्यावेत. युरोपातल्या गॅरेजात मिलिमीटरचेच मिळतात, आणि त्यांनी नटाचे कोपरे गोल होतात.

चेनच्या जोडाची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते तिकडे ठेवा. उलटी बसलेली क्लिप सुटते, आणि हे आजही रोज होतं.

एक खबरदारी: बहुतेक जुन्या जावा-येझदीची चावी एकमेकींना लागते. साखळी आणि कुलूप यादीत धरा.

## टप्पा ४: सराव तीन फेऱ्यांत (जानेवारी-फेब्रुवारी)

पहिली फेरी ६० किलोमीटरची, दुसरी दिवसभराची, तिसरी सामानासह दोन दिवसांची. मधे फक्त नट-बोल्ट आवळायचे. काही बदललं तर ती फेरी पुन्हा.

सातारकरांसाठी दुसऱ्या फेरीला सातारा-मेढा-केळघर घाट-महाबळेश्वर-पाचगणी-पसरणी घाट-वाई-सातारा हा फेरा उत्तम. सांगलीकरांनी कऱ्हाड-पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरावा आणि तोच चढून यावं. भरल्या सामानासह लांब चढ आणि लांब उतार, दोन्ही यात आहेत.

घाट उतरताना टू-स्ट्रोकवाल्यांनी: पेट्रोलमध्येच तेल असतं, म्हणून थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये दहा मिनिटं उतरलं की इंजिन वेगात फिरतं पण तेल पोचत नाही. पिस्टन जाम होतो तो चढावर नाही, उतारावर. दर थोड्या अंतराने क्लच दाबून थ्रॉटल एकदा उघडा. पसरणीत ही सवय लागली नाही, तर आल्प्समध्ये लागणार नाही.

उंची. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे; आल्प्समधली स्टेल्व्हिओ खिंड २,७५७ मीटरवर. हजार मीटर चढलं की हवा साधारण दहा टक्के विरळ होते आणि मिश्रण जाड होतं. काळा प्लग आणि अडखळणारी गाडी ही त्याची खूण. तासाभराच्या खिंडीसाठी जेट बदलू नका. दिवसभर उंचावरच राहायचं असेल, तर सुईची क्लिप एक खाच वर सरकवा, म्हणजे सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी होतं. खाली उतरल्यावर ती परत मूळ खाचेत आणा. विसरलात तर सपाटीवर पातळ मिश्रणाने पिस्टन तापतो.

ओडोमीटरची चूक काढा. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवर १० किलोमीटर मोजा. ओडोमीटरने १०.४ दाखवलं, तर त्याच्या प्रत्येक आकड्याला ०.९६ ने गुणायचं. जुन्या गाडीला शून्य करता येणारा ट्रिप मीटर नसतो. सायकलचा चुंबकवाला मीटर पुढच्या चाकाला लावा. त्यात चाकाचा घेर मिलिमीटरमध्ये भरायचा, आणि तो गाडीवर बसून, चाक पाच फेरे ढकलून, अंतराला पाचने भागून काढायचा. टायरवर छापलेल्या मापावरून काढलेला घेर चुकतो. असा मीटर चालतो का, ते नियमपत्रिकेत पाहा.

उजव्या बाजूने गाडी चालवायचा सराव रस्त्यावर करू नका. रिकाम्या मैदानात चुन्याने चौक आणि गोल आखून वळणांची सवय करा.

## टप्पा ५: व्हिसा, परवाना, विमा, कार्नेट (डिसेंबर-मार्च)

क्रमाची खरी परीक्षा इथे आहे. गाडी एप्रिलच्या सुरुवातीला निघणार, म्हणून व्हिसा त्याआधी हातात हवा. गाडी पोचली आणि मालकाला व्हिसा मिळाला नाही, तर गोदामभाडं रोज चढत राहतं.

१. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. म्हणजे जूनच्या मध्यासाठी डिसेंबरच्या मध्यापासून. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. तारखा रॅलीपुरत्या मागू नका. बंदरातून गाडी सोडवायला आधी चार-पाच दिवस आणि परत पेटीत भरायला नंतर तीन-चार दिवस धरूनच मुक्काम दाखवा. आयोजकाकडून प्रवेश निश्चित झाल्याचं पत्र मागून जोडा.

२. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. आपल्या आरटीओतून, फॉर्म ४-ए, फी १,००० रुपये. मुदत एक वर्ष किंवा मूळ लायसन्स संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. परवाना हाती आल्यावर मोटरसायकलच्या रकान्यात शिक्का आहे का ते काउंटरवरच पाहा. फक्त कारच्या रकान्यात शिक्का मारून दिल्याचं घरी आल्यावर लक्षात येतं. सोबत मूळ लायसन्स न्यावंच लागतं. हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारावर आधारलेला आहे. सगळे देश तो मानत नाहीत (चीन मानत नाही), म्हणून वाटेतल्या प्रत्येक देशाचं वेगळं पाहा.

३. विमा. भारतीय पॉलिसी युरोपात चालत नाही. जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीवपर्यंतच वाढवता येते. युरोपसाठी परदेशी नोंदणीच्या वाहनांना मिळणारा सीमा विमा घ्यावा लागतो. तो बंदरावर पोचण्याआधी हातात हवा. त्याशिवाय गोदामाच्या फाटकाबाहेर चाक फिरवायचं नाही.

४. कार्नेट. गाडीचा कस्टम्सचा पासपोर्ट. गाडी तात्पुरती नेतोय, विकणार नाही, परत आणणार, याची हमी. भारतात तो मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतो; कार्यालय चर्चगेटला आहे. मुदत एक वर्ष. हमीपोटी अनामत किंवा बँक गॅरंटी द्यावी लागते, ती गाडीच्या किमतीवर आणि देशांवर ठरते. जिल्हा बँक किंवा पतसंस्थेची गॅरंटी चालेल का, ते आधी विचारा, नाहीतर बँक बदलण्यात पंधरा दिवस जातात.

युरोपीय संघात बाहेरच्या रहिवाशाला स्वतःची गाडी सहा महिन्यांपर्यंत तात्पुरती आणता येते आणि तिथे कार्नेट सहसा मागत नाहीत. ‘मग काढायचा कशाला’ असा प्रश्न हमखास येतो. भारतात परत आणताना ही तीच गाडी आहे आणि हिच्यावर आयात शुल्क लागत नाही, हे दाखवायला तो लागतो.

कार्नेट हाती येताच तपासा: इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग, उत्पादन वर्ष, किंमत. किंमत मुद्दाम कमी लिहून अनामत वाचवायचा सल्ला एजंट देतात. हरवली किंवा मोडली तर विमाही त्याच किमतीचा मिळतो, हे ते सांगत नाहीत.

## टप्पा ६: पेटी बांधणं आणि जहाज (मार्च-एप्रिल)

माप आधी, पेटी नंतर. भाडं आकारमानावर लागतं. हिशोब असा: २१० × ७५ × ११० सेंटिमीटरची पेटी १.७३ घनमीटरची होते. पुढचं चाक आणि हँडल काढून तीच गाडी १९० × ६० × १०५ मध्ये बसवली तर १.२० घनमीटर. विमानाने न्यायची तर फरक आणखी टोचतो. तिथे ६,००० घनसेंटिमीटरला एक किलो धरतात, म्हणजे पहिली पेटी २८९ किलोची आणि दुसरी २०० किलोची, आत गाडी तीच.

१. लाकूड उष्णता प्रक्रिया केलेलं आणि तसा आंतरराष्ट्रीय शिक्का असलेलं घ्या. मिरजेच्या वखारीतलं साधं देवदार चालणार नाही. सगळी पेटी प्लायवुडची असेल तर त्या शिक्क्याची गरज नसते, पण खालचे पाट साध्या लाकडाचे ठोकले की सगळी पेटी अडकते.

२. टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे. बॅटरीचे टोक सोडवून झाका. वाहनं धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडतात, आणि तशी घोषणा करावी लागते.

३. पेटीत स्प्रे, पंक्चरचं सोल्युशन, तेलाचे डबे, थिनर ठेवू नका. क्ष-किरण तपासणीत दिसलं की पेटी फोडतात. टू-स्ट्रोक ऑइल तिथे कुठल्याही पंपावर मिळतं.

४. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून किक दोन-तीनदा हळू फिरवा. क्लच लिव्हर दाबून बांधा, म्हणजे प्लेटा चिकटत नाहीत. सिलिका जेलच्या पिशव्या आणि उघड्या धातूवर ग्रीस. समुद्राची हवा क्रोमवर दया करत नाही.

५. चार पट्ट्यांनी, पुढच्या शॉकअपच्या खालच्या जोडाला आणि मागे चेसिसला बांधा. शॉकअप अर्धा दाबला जाईल एवढंच ओढा. फक्त हँडलला बांधलेली गाडी न्हावा शेवापर्यंतसुद्धा सरळ उभी राहत नाही.

६. सामानाची यादी तीन प्रतींत: प्रत्येक सुटा भाग, नग आणि किंमत. यादीत नसलेला भाग परत येताना नवी खरेदी ठरतो.

कस्टम्सचा एजंट निवडताना एकच प्रश्न पुरतो: कार्नेटवर मोटरसायकल बाहेर पाठवून परत आणली आहे का? नुसती निर्यात करणारे पुष्कळ आहेत. भाड्याचं कोटेशन दोन्ही टोकांचं लेखी घ्या. इथलं भाडं स्वस्त दाखवून हॅम्बर्ग किंवा अँटवर्पच्या हाताळणीत ते वसूल होतं.

निघण्याआधी: न्हावा शेवाला कार्नेटच्या निर्यात पानावर शिक्का आणि सही झाली का? त्या पानाचा फोटो मागवा. तो नसेल, तर परतीचा दरवाजा बंद आहे असं समजा.

## टप्पा ७: तिथे पोचल्यावर पहिले दोन दिवस

एप्रिलच्या सुरुवातीला दिलेली पेटी साधारण मेच्या अखेरीस मिळते असं धरा; जहाजाला चाळीस-पन्नास दिवस, वर बंदरातले आठवडाभर. स्वतः रॅलीच्या चार-पाच दिवस आधी पोचा.

पेटी फोडताना फळ्या आणि स्क्रू जपून ठेवा, परतीला त्याच लागतात. गोदामवाल्याशी साठवणीचं आधीच बोला. गाडी जोडली की पहिल्या दिवशी ३० किलोमीटरच, शहराबाहेर. सकाळी रिकाम्या रस्त्यावर आणि पेट्रोल पंपातून बाहेर पडताना हात सवयीने डावीकडे वळतात. बहुतेक अपघात तेव्हाचे. टाकीवर उजवीकडचा ठळक बाण चिकटवा. गोलाकार चौकात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या.

फ्रान्समध्ये चमकदार जॅकेट आणि ऑस्ट्रियात प्रथमोपचार पेटी मोटरसायकलवर सोबत लागते. दोन्ही नेहमीच ठेवा.

तुमची गाडी तिथल्या मित्राला ‘एक चक्कर मारून ये’ म्हणून देऊ नका. तात्पुरत्या आयातीची सवलत बाहेरच्या रहिवाशाला आहे. युरोपीय संघाचा रहिवासी ती चालवताना सापडला तर शुल्काचा प्रश्न उभा राहतो.

## टप्पा ८: रॅलीचे दिवस

रोडबुक, म्हणजे आयोजकाने दिलेली वाटेची वही. प्रत्येक ओळीत एकूण अंतर, मागच्या खुणेपासूनचं अंतर आणि चौकाचं छोटं चित्र. चित्रातला ठिपका म्हणजे तुम्ही जिथून आलात ती बाजू, बाण म्हणजे जायची दिशा. नवखे चित्र नकाशासारखं उत्तर-दक्षिण वाचतात आणि पहिल्याच चौकात चुकतात. प्रत्येक खुणेला मागचं अंतर शून्य करा. चुकल्याचं कळलं की अंदाजाने पुढे न जाता शेवटच्या पक्क्या खुणेपाशी परत या. ब्रिटनमध्ये अंतरं मैलांत असतात.

वेळ. नियमितता चाचणीत (ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने नेमक्या वेळेला पोचायचं) लवकर पोचल्याचेही गुण जातात. आकडेमोड गाडीवर करू नका. टाकीवर पट्टी लावा: ताशी ३६ किलोमीटरला दर किलोमीटर १०० सेकंद, ४० ला ९०, ४५ ला ८०. दर किलोमीटरला घड्याळ पाहायचं आणि थोडंथोडं सुधारत जायचं. शेवटच्या वळणावर थांबून वेळ काढण्याला बऱ्याच रॅलीत बंदी असते.

पेट्रोल. नळीवर गोल चिन्हात ई५ किंवा ई१० लिहिलेलं असतं, डिझेलचं चिन्ह चौकोनी. मिळेल तिथे ई५ घ्या. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल २५ ला १ प्रमाणात: लिटरला ४० मिली, ५ लिटरला २००, ८ लिटरला ३२० मिली तेल. तेल आधी थोड्या पेट्रोलमध्ये बाटलीत मिसळा, ते टाकीत ओता, मग उरलेलं पेट्रोल. तेल थेट ओतून गाडी सुरू केली, तर ते कॉकपाशी बसतं: पहिले चार किलोमीटर धूर, नंतरचे सगळे तेलाशिवाय. थांबल्यावर कॉक बंद करा.

रोज सकाळी पंधरा मिनिटं: चेनचा ताण, दोन्ही चाकांचे स्पोक, ब्रेक केबल, बॅटरीचं पाणी, प्लगचा रंग. मुक्कामाच्या जागी गाडीखाली तेल शोषणारी चटई टाका. अनेक आयोजक ती सक्तीची करतात.

मागून येणारी मदतगाडी तुम्हाला मुक्कामापर्यंत नेते, बंदरापर्यंत नाही. गाडी दुरुस्त होण्यापलीकडे गेली, तर ती पेटीपर्यंत कशी न्यायची याचा विमा किंवा मित्र आधी ठरवा. क्रँककेस फुटलं म्हणून तिथे मिळणारं जुनं इंजिन बसवायचा मोह होईल. नंबर बदलला की कार्नेटमधली गाडी आणि पेटीतली गाडी वेगळी होते. मोडकी का असेना, मूळ इंजिनासह परत आणा. बदललेले जुने भागही फेकू नका, यादी जुळायला लागतात.

## टप्पा ९: परतीचे शिक्के आणि अनामत

१. पेटीत भरण्याआधी गाडी धुवा. चिखल, गवत, बिया पेटीत नकोत.

२. कार्नेटवर प्रवेशाचा शिक्का ज्या कस्टम्स क्षेत्रात झाला, तिथून बाहेर पडण्याचा शिक्काही हवा. घाईत विमान पकडायला लोक हे एजंटवर सोडून निघतात. शिक्का झाल्याचा फोटो येईपर्यंत निघू नका.

३. न्हावा शेवाला पेटी सोडवायला स्वतः किंवा अधिकारपत्र दिलेला माणूस हवा. मूळ आरसी, कार्नेट, जाताना दिलेली सामानाची यादी आणि इंजिन-चेसिसचे फोटो सोबत. अधिकारी नंबर प्रत्यक्ष पाहतो. पेटी भरताना ते झाकले जाणार नाहीत अशी गाडी ठेवा.

४. आयातीचा शिक्का झालेलं कार्नेट पुस्तक घरी न ठेवता चर्चगेटला जमा करा. ते जमा होऊन तपासलं गेल्याशिवाय अनामत किंवा बँक गॅरंटी मोकळी होत नाही. पोच घ्या, आणि गॅरंटी रद्द झाल्याचं पत्र बँकेत स्वतः नेऊन द्या. बँक आपणहून ते करत नाही आणि पुढच्या वर्षीचं कमिशन कापून घेते.